टाकणखार आणि अब्बांची भट्टी
(धरमपेठेत तरुण मित्रमैत्रिणींच्या सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



धरमपेठेत भाषण करायला मी पहिल्यांदाच उभा आहे. लहानपणी मात्र इथे पुष्कळदा आलोय, अब्बांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून. अब्बा लोहार. इथल्या बंगल्यांची फाटकं दुरुस्त करायला ते यायचे आणि काम झालं की फाटकाबाहेरच पैसे घेऊन परत जायचे. पुढे मी धातुशास्त्र शिकलो. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली तेव्हा मी लिहिलं ‘बिझनेस’. ते खोटं नव्हतं, पण ते लाजेनं लिहिलेलं होतं. आज त्या लाजेबद्दल बोलायचंय, आणि टाकणखाराबद्दल.

आमच्याकडे कुऱ्हाडी, सब्बल, कुदळी शेवटायला यायच्या. कुऱ्हाड अख्खी पोलादाची केली तर महाग पडते आणि तडकतेही. म्हणून अंग मऊ लोखंडाचं ठेवायचं आणि धारेपुरता पोलादाचा तुकडा भट्टीत तापवून, ठोकून त्याच्याशी एकजीव करायचा. वीज नाही, वेल्डिंगची कांडी नाही. भाता, कोळसा, ऐरण आणि हातोडा, एवढ्यावर हे काम होतं.

अडचण एकच असते. तापलेल्या लोखंडाला हवा लागली की त्यावर काळा खवला धरतो. तो लोखंडाचा ऑक्साइड. दोन तुकड्यांच्या मधे हा खवला राहिला तर कितीही घण मारा, सांधा धरत नाही. इथे टाकणखार लागतो. लोखंड लाल झालं की तारेच्या ब्रशनं घासायचं आणि त्यावर टाकणखार भुरभुरायचा. त्यातलं पाणी उडून आधी तो लाहीसारखा फुगतो, मग साधारण 740 अंश सेल्सिअसला वितळून काचेसारखा पसरतो. तो खवला स्वतःत विरघळवून घेतो आणि नवी हवा लागू देत नाही. मग तुकडे पुन्हा भट्टीत, थेट पिवळसर पांढरे होईपर्यंत, म्हणजे 1200 अंशांच्या आसपास. पहिले घाव हलके मारायचे आणि मधून कडेकडे जायचं, म्हणजे तो वितळलेला रस मळासकट बाहेर पडतो. सांध्याचे पृष्ठभाग मधे किंचित फुगीर ठेवतात तेही याचसाठी. कडा आधी चिकटल्या तर मळ आतच अडकतो.

मऊ लोखंडाला नुसती बारीक वाळूही चालते, पण ती वितळायला फार उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत पोलाद जळतं. टाकणखार कमी उष्णतेत वितळतो, म्हणून पोलादाच्या सांध्याला तोच बरा.

हे मी पुस्तकात नंतर वाचलं. शिकलो मात्र चौदाव्या वर्षी, एका चुकीतून. अब्बा नमाजला गेले होते आणि एका लाकूडतोड्याला घाई होती. मी न घासताच टाकणखार टाकला, पुरता ताव येण्याआधी कुऱ्हाड बाहेर काढली आणि पहिल्याच घावाला जोर लावला. वरून सांधा सुरेख दिसत होता. आठवड्यानं तो माणूस परत आला, गालावर ओरखडा. धारेचा तुकडा उडून त्याच्या डोळ्याजवळून गेला होता. अब्बांनी सांधा उघडून दाखवला, आत काळा थर तसाच होता. त्यांनी पैसे परत केले, कुऱ्हाड नवी करून दिली आणि मला एवढंच म्हणाले, “सुहागा जोड़ता नहीं बेटा, सफाई करता है. जोड़ना तो तेरे हाथ में है.”

घरी आम्ही सुहागा म्हणायचो, मराठी गिऱ्हाईक टाकणखार म्हणायचं, कॉलेजात त्याचं बोरॅक्स झालं. संस्कृतात टंकण, फारसीत तंकार, आणि इंग्रजीतला ‘टिंकल’ त्याच कुळातला. ‘बोरॅक्स’ हा शब्द अरबी-फारसीतून युरोपात गेला. माल तिबेटातून आणि लडाखच्या पुगा खोऱ्यातून यायचा. एका चिमटीत एवढे देश असतात, तरी कुणी विचारतं, तुमची भाषा नक्की कोणती?

आता इतिहास. आपल्या नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नैकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. ती ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या आसपासची मानतात. नवव्या शतकात बगदादचा तत्त्वज्ञ अल-किंदी यानं तलवारींवर ग्रंथ लिहिला. त्यात कठीण आणि मऊ लोखंड तो वेगळं सांगतो आणि दोन्ही मिळून केलेल्या तलवारींचीही नोंद करतो. एवढ्या मोठ्या विद्वानाला लोहाराचं काम अभ्यासाच्या लायकीचं वाटलं. इस्लाम स्वीकारणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांत खब्बाब इब्न अल-अरत होते. मक्केत तलवारी घडवणारे लोहार, आणि गुलाम.

हे सगळं आपण वाझमध्ये ऐकतो, माना डोलावतो. मग स्थळ आलं की विचारतो, “बिरादरी कौनसी?” माझ्या बहिणीचं एक स्थळ ‘लोहार’ या शब्दावर परत गेलं. परत जाणारेही कलमा पढणारेच होते. आपल्यात जात नाही असं म्हणणं म्हणजे न घासता टाकणखार टाकणं. वरून सांधा सुरेख दिसतो.

म्हणून तीन गोष्टी मागतो. घरात लोहार, पिंजारी, कसाई, विणकर असतील तर फॉर्मवर तेच नाव लिहा.  2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत लोहारकाम आहे. मोहल्ल्यातल्या कारागिरांना अर्ज करायला मदत करा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांचं कसब मराठीत लिहून ठेवा, त्यांच्याच शब्दांत.

कुणाला भट्टीवर हात चालवून पाहायचा असेल तर जाणत्या माणसाजवळच शिका. डोळ्यांवर चष्मा हवाच, वितळलेला टाकणखार घावासरशी उडतो. त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका आणि तो स्वयंपाकघरात ठेवू नका.

अब्बा आता नाहीत. इतवारीच्या लोहा ओळीतून त्यांनी आणलेल्या पोलादाचे थोडे तुकडे अजून घरी आहेत. परवा मुलीच्या शाळेचा फॉर्म भरला. आजोबांचा व्यवसाय असा रकाना त्यात नव्हता. मी कोपऱ्यात जागा करून लिहिलं: लोहार.