खरं कुणाचं?



तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. तिथं अभंग-आरती होते. मागल्या वारीत तिथंच आमच्या विणेकरीबुवांच्या नातवानं विचारलं, "आजोबा, पैगंबरांना हिरा गुहेत देवदूतानं सांगितलं. तुकोबांना स्वप्नात नामदेवराय नि पांडुरंगानं सांगितलं. खरं कुणाचं?" बुवा गप्प. आम्हीही.

'सगळे धर्म एकच सांगतात' असं म्हणून सुटता येतं. पण तसं नाही. कुराणाला देवाची मूर्ती मान्य नाही. आपण तर त्या विटेवरच्या रूपासाठी सुमारे २५० किलोमीटर चालतो!

मात्र ते स्वप्न आपण कुठं पाहिलं? तुकोबांनी सांगितलं, आपण मानलं. ज्यानं घरची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली तो खोटं कशाला बोलेल, हा आपला भरवसा. पैगंबरांनाही मक्केत 'अल-अमीन', म्हणजे विश्वासू, म्हणत. मुसलमान बांधवांचा भरवसाही असाच माणसावरचा. मग त्यांची गुहा खोटी, असं आम्ही कुठल्या तोंडानं म्हणावं?

पोरगं हट्टी. "आणि त्यांनी आपलं स्वप्न खोटं म्हटलं तर?"

"म्हणू देत," बुवा म्हणाले, आणि वीणा सावरून उठले. पालखी हलली होती.