सममितीचा धडा : फळ्यावरून हातात



मीरा रोड स्थानकातून बाहेर पडून वस्तीकडे निघालेल्या मुलाला वाटेत भूमिती पदोपदी भेटत असते. पदपथावर एकमेकांत गुंतविलेले पेव्हर ब्लॉक, खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या, रिक्षाची चाके, दारापुढील रांगोळी, ही सर्व सममितीचीच रूपे होत. एकेकाळी ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली असलेला हा परिसर १९८५ साली नगरपरिषदेचा आणि २००२ साली महानगरपालिकेचा भाग झाला. शेते आणि मिठागरे यांच्या शेजारी दाट वस्ती उभी राहिली. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा अनेक भाषा बोलणारी कुटुंबे येथे एकमेकांशेजारी राहतात. आकृती मात्र या सर्व घरांतील मुलांना सारखीच समजते. असे असूनही सममितीचा धडा पुष्कळदा फळ्यावरील एका व्याख्येत आरंभ होतो आणि तेथेच संपतो.

ही व्याख्या मुले साधारणतः अशी पाठ करतात : ज्या रेषेने आकृतीचे दोन समान भाग होतात, ती सममितीचा अक्ष होय. चूक रुजते ती येथेच. वहीच्या पानासारखा आयताकृती कागद कर्णावर कापला, तर दोन एकरूप त्रिकोण मिळतात. मात्र तोच कागद कर्णावर दुमडला, तर कोपरे बाहेर डोकावतात. एक भाग दुसऱ्यावर बसत नाही. भाग समान असले, तरी आयताचा कर्ण हा अक्ष नव्हे. पाठांतर केलेले मूल येथे फसते. कागद दुमडून पाहिलेले मूल फसत नाही. आपले उत्तर बरोबर की चूक, हे त्याला गुरुजींना विचारावे लागत नाही, कारण निर्णय कागदच देतो. दृष्टी अधू असलेल्या मुलालाही घडीची कड बोटांनी समजते.

या पद्धतीस शास्त्राचा भक्कम आधार आहे. आकृती हलविल्यानंतर तिच्यातील कोणते गुणधर्म कायम राहतात, याचा अभ्यास म्हणजे भूमिती, असा विचार जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १८७२ साली मांडला. प्राथमिक वर्गाच्या भाषेत या हालचाली तीन : सरकविणे, फिरविणे आणि उलटविणे. परिभाषेत त्यांनाच स्थानांतरण, परिवलन आणि परावर्तन म्हणतात. आधी हालचाल घडावी, नाव मागाहून यावे, हा क्रम पाळणे अगत्याचे आहे.

परावर्तन घडीने समजले की परिवलनासाठी कागदाचे भिरभिरे घ्यावे. त्याची आकृती पातळ कागदावर गिरवून मूळ आकृतीवर ठेवावी आणि मध्यभागी टाचणी टोचून वरचा कागद फिरवावा. एका पूर्ण फेरीत ती मूळ आकृतीवर चार वेळा तंतोतंत बसते. तरीही ती घडीवर जुळेल अशी एकही रेषा सापडत नाही. वाऱ्याने भिरभिरे फिरते, त्याचे रहस्यही येथेच आहे. त्याच्या सर्व पाकळ्या एकाच दिशेने कललेल्या असतात. एक बाजू दुसरीचे प्रतिबिंब असती, तर दोन्ही बाजूंचे जोर परस्परांना निष्प्रभ करते. वर्गातील तीन पात्यांचा पंखाही मुलांना याच दृष्टीने न्याहाळावयास सांगावा.

पुढचा उपक्रम रांगोळीचा. ४, ५, ६, ७, ६, ५, ४ अशा ओळींत ३७ ठिपके मांडले की षटकोन तयार होतो. केंद्रापासून त्याचे सहा सारखे भाग करून एका भागात शिक्षकांनी एक वळणदार रेघ काढावी. मुलांच्या एका गटाने ती प्रत्येक वेळी ६० अंशांतून फिरवून रांगोळी पूर्ण करावी. दुसऱ्या गटाने ती शेजारच्या भागात उलटवीत न्यावी. रेघ एकच, परंतु रांगोळ्या दोन निघतात. हा फरक पाहताना होणारी चर्चा हाच खरा पाठ होय.

स्थानांतरणासाठी घरातील जुन्या साडीचा काठ पुरेसा आहे. एकच नक्षी सरकत सरकत पुढे जाते, ही गोष्ट मुलांना आपोआप दिसते. काठांवरील नक्षी असंख्य असली, तरी सममितीच्या दृष्टीने त्यांचे प्रकार ७ च होतात, हे गणिताने सिद्ध केलेले आहे. मुलांनी आणलेल्या काठांतून यांपैकी किती प्रकार सापडतात, याचा शोध वर्गाने घ्यावा. माता व आजी यांच्या हातची कला अशा रीतीने गणिताच्या तासाला सन्मानाने येते.

या उपक्रमांना स्वतंत्र अनुदान लागत नाही. रद्दी कागद, टाचणी आणि रांगोळी एवढ्यावर भागते. लागतो तो वेळ आणि थोडा विश्वास. व्याख्येने भरलेली वही तपासणीत दिसते; दुमडलेला कागद मात्र दिवसाअखेर केराच्या टोपलीत जातो. म्हणून काम झाले नाही असे समजले गेले, तर शिक्षक पुन्हा फळ्याकडेच वळतील. तेव्हा शाळेस भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, तसेच गावोगावच्या पंचायत सदस्यांनी मुलांना व्याख्या विचारू नये. त्यांच्या हाती एक आयताकृती कागद द्यावा, कर्ण हा अक्ष आहे काय एवढेच विचारावे आणि मूल तो दुमडून पाहीपर्यंत थांबावे.