प्रत्येक रोगाची वेगळी तिजोरी



हिवतापाच्या मोहिमेची नोंद एकेकाळी खेड्यातील घरांच्या भिंतींवर वाचावयास मिळत असे. फवारणी करणारा कर्मचारी येई, डीडीटीचा फवारा मारी आणि भिंतीवर तारीख लिहून पुढच्या घराकडे वळे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख लोक त्याला बळी पडतात, असा अंदाज होता. १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ हा शब्द आला. १९६५ साली रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर उतरली आणि त्या वर्षी हिवतापाने एकही मृत्यू झाल्याची नोंद नव्हती. एवढे यश क्वचितच कोणत्या सरकारी कार्यक्रमाच्या वाट्याला आले असेल. आणि तरीही १९७६ साली रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली!

डासांना डीडीटीची सवय झाली, फवारणीसाठी औषध वेळेवर मिळेनासे झाले, ही कारणे खरीच आहेत. परंतु मुळातली गोष्ट निराळी होती. मोहिमेची रचनाच अशी होती की, आधी हल्ला चढवावयाचा, मग रोग आटोक्यात आला की देखरेखीचे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेच्या स्वाधीन करावयाचे. हे स्वाधीन करावयाचे कोणाच्या? ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे इतकी वर्षे कोणी पाहिले नव्हते, जेथे डॉक्टरची जागा रिकामी आणि सूक्ष्मदर्शक यंत्र बंद, त्या केंद्रांच्या! प्रतिबंध आणि उपचार एकाच यंत्रणेतून व्हावेत, असे भोर समितीने १९४६ मध्येच सांगून ठेवले होते. पैसा मात्र मोहिमेकडे गेला आणि केंद्र उपाशी राहिले. त्यातच आणीबाणीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांना नसबंदीचे आकडे पुरे करण्याच्या कामास जुंपण्यात आले, हेही विसरता येणार नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत याच देशाने वेगळी वाट शोधली होती. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत देबबर बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात एक पाहणी केली. ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. रोगी अडाणी असतो, तो आपणहून येत नाही, म्हणून त्याला हुडकत फिरणारी वेगळी फौज हवी, असा त्या वेळचा समज होता. प्रत्यक्षात असे आढळले की, थुंकीत जंतू असलेल्यांपैकी सुमारे निम्मे रुग्ण आपण होऊन दवाखान्यात गेलेले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवण्यात येत होते. म्हणजे रोगी दारात उभा होता, दवाखाना जागा नव्हता. यावरून १९६२ पासूनच्या कार्यक्रमात क्षयाचे निदान व उपचार सर्वसाधारण आरोग्यसेवेतच बसवण्यात आले. विचार निर्दोष होता. दवाखाना मात्र दुबळाच राहू दिला गेला आणि तो विचार कागदावर वाळत पडला.

१९७८ च्या सप्टेंबरात अल्माआता येथे जगातील सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा केली. वर्षभरातच, एवढे सगळे परवडणार नाही, तेव्हा निवडक रोगांवरच खर्च करावा, असा युक्तिवाद अमेरिकेतून पुढे आला आणि देणगीदारांना तो मानवला. मोजता येणारा रोग आणि दाखवता येणारा आकडा देणाऱ्याला प्रिय असतो. आरोग्य केंद्रातील परिचारिकेचा पगार छायाचित्रात दिसत नाही.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. देवीचा रोग मोहिमेनेच गेला. पोलिओही भारतातून मोहिमेनेच हटला. २००२ मध्ये ग्लोबल फंड निघाला तेव्हा आफ्रिकेत एड्सने माणसे मरत होती. आधी व्यवस्था सुधारू, मग औषध देऊ, असे त्यांना सांगणे क्रूरपणाचे ठरले असते. वाद पैसा घ्यावा की नाही, हा नाहीच. तो कोणत्या दारातून आत यावा, हा आहे.

इथिओपियाने याचे उत्तर दिले. एकच योजना, एकच अंदाजपत्रक आणि एकच अहवाल, असा आग्रह तेथील आरोग्य मंत्रालयाने धरला. २००३ पासून गावोगावच्या तीस हजारांहून अधिक तरुणींना सुमारे वर्षभराचे प्रशिक्षण देऊन पगारी आरोग्यसेविका म्हणून नेमले आणि एकेका रोगासाठी आलेला परदेशी पैसाही या उभारणीकडे वळवला. भारतात २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने जिल्ह्याजिल्ह्यातील क्षय, हिवताप, अंधत्व यांच्या निरनिराळ्या सोसायट्या एकत्र आणल्या, हे चांगले झाले. पण त्याच अभियानातील आशा सेविकेचा मोबदला पाहावा: थोडी ठरावीक रक्कम आणि बाकी कामागणिक भत्ता. रक्ताचा नमुना घेतला की इतके, क्षयरोग्याचा औषधोपचार पुरा झाला की इतके! कप्प्याकप्प्यांची योजना अखेर एका बाईच्या पदरात अशी सुट्या पैशांनी पडते. महाराष्ट्रातील आशांनी २०२१ च्या जूनमध्ये, कोरोनाची साथ चालू असताना संप केला, त्यामागे हेच दुखणे होते.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘लुसाका कार्यसूची’ जाहीर झाली. जागतिक आरोग्य निधींनी देशांच्या स्वतःच्या योजनेमागून चालावे, असे तीत मान्य करण्यात आले. त्यानंतर जेमतेम तेरा महिन्यांत, जानेवारी २०२५ मध्ये, अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली. दक्षिण आफ्रिकेत त्या पैशावर नेमलेले हजारो आरोग्य कर्मचारी घरी बसले. एड्सची औषधे मात्र तेथील सरकार बव्हंशी स्वतःच्या अंदाजपत्रकातून विकत घेत होते. ती थांबली नाहीत. भारताने २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२५ उजाडले, तरी ते प्रमाण गाठले गेले नव्हते.