आपत्तीची तालीम आणि लोकप्रतिनिधी

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारीची दगडमातीची घरे कोसळली, तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीतून मदत येण्यापूर्वी ढिगारे उपसू लागलेले हात गावकऱ्यांचेच होते; पुढे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे ठेवून सहअध्यक्षपद स्थानिक संस्थेच्या निर्वाचित प्रतिनिधीस दिले, ही योजना मला अत्यंत उचित वाटते. मात्र त्याच कायद्याचे 41 वे कलम स्थानिक संस्थांच्या अधिकारी व कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची तजवीज करते. निर्वाचित सदस्यांच्या प्रशिक्षणाचा तेथे उल्लेख नाही, आणि ही उणीव लहान नव्हे. कृष्णेचे पाणी चढू लागले असता, गुरे मागे टाकून घर सोडण्यास नकार देणाऱ्या वृद्धाचे मन वळविण्याचे कार्य तलाठ्याच्या नोटिशीपेक्षा सरपंचाच्या शब्दाने लवकर साधते. परंतु नावेत माणसे किती घ्यावीत, निवारा कोणत्या शाळेत उघडावा, अंथरुणाला खिळलेले रुग्ण कोणत्या गल्लीत आहेत, हे त्या सरपंचास पाणी येण्यापूर्वीच ठाऊक असावयास हवे. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने मे महिन्यातच तहसील कचेरीकडे रंगीत तालमीची मागणी करावी, आणि सरपंच व सदस्यांनी तीत जातीने उतरावे.