अम्मीचा गुडघा आणि दोनचा आकडा



मी पडलो सॉफ्टवेअरवाला. अम्मीचा गुडघा दुखू लागला, तर डॉक्टरांच्या आधी मोबाइलमध्ये व्यायामाचं अ‍ॅप टाकलं. ते रोज विचारायचं, दुखणं ० ते १० पैकी किती? अम्मी रोज २ दाबायची. आलेख झकास! एकदा सजद्यातून उठताना तिनं पलंगाची कड घट्ट धरलेली दिसली. म्हणाली, ‘जास्त सांगितलं तर तू मला खुर्चीवर बसवशील.’ त्रास असेल तर बसून नमाजची मुभा आहेच. तिला ती हार वाटत होती.

मग आम्ही फिजिओथेरपिस्टकडे गेलो. गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणं हा एक मुख्य उपाय. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, ५ सेकंद धरायचा. अ‍ॅपचं काम आठवण करून देण्यापुरतं. सांधा लाल, गरम होऊन ताप आला किंवा कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला, तर अ‍ॅप बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

आता मी विचारतो, ‘आधाराशिवाय किती रकात उठलीस?’ जोहरला ती खुर्ची घेते, फजरला नाही. अ‍ॅपमध्ये याला रकाना नाही. आम्ही वहीत लिहितो.