भिंती नसलेली भट्टी

पोळी-पाव भाजायची जुनी मातीची भट्टी म्हटली की डोळ्यांपुढे तिचा घुमट येतो. गोव्यात पाव भाजणाऱ्या पोदेराची भट्टी तशी असते. पंजाबातल्या अंगणातला तंदूर घुमटाचा नसला, तरी मातीचाच आणि एका जागी पक्का रोवलेला असतो. या दोन्हींचे फोटो काढणं सोपं आहे, कारण त्या उभ्या असतात, वाट बघतात. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत मात्र, हॉटेलांतले आणि ढाब्यांवरचे तंदूर सोडले, तर अशी भट्टी शोधूनही सहसा सापडत नाही. त्यावरून वऱ्हाडात उघड्यावर भाजायची परंपराच नव्हती, असं कुणी म्हटलं तर ते चुकीचं ठरेल. इथली भट्टी दर वेळी नव्यानं मांडतात आणि जेवण उरकलं की तिची राख होते. तिला जगरा म्हणतात. तिचा फोटो काढायचा, तर वास्तूचा फोटो काढायची सवय बाजूला ठेवावी लागेल, एवढंच मला आज सांगायचं आहे.

वऱ्हाडानं पक्की भट्टी का बांधली नाही, याची कारणं जमिनीत आणि ताटात आहेत. इथलं रोजचं अन्न होतं ज्वारीची भाकरी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. ते तंदुराच्या आतल्या भिंतीला धरून राहणार नाही, त्याला आडवा तवाच हवा. गहू होता तो सणासुदीचा, नवसाचा. दुसरं कारण इंधनाचं. पूर्णेच्या खोऱ्यात कापसाचं रान अफाट आणि झाडी विरळ, त्यामुळे घरोघरी जळत आली ती कापसाची पऱ्हाटी आणि तुरीची तुराटी. ती भडभड पेटते आणि लवकर विझते. तव्याखाली तिचं काम भागतं, पण जाड भिंतींची भट्टी तापवून ठेवणं तिला झेपत नाही. शिवाय पायाखालची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. म्हणून तर इथली जुनी घरं आणि गढ्या पांढऱ्या मातीच्या. मातीची भट्टी बांधताच आली नसती असं नाही; चुली घरोघरी होत्याच. पण वर्षातून चार-दोनदा गव्हाचं जेवण करण्यासाठी ती सांभाळायची कशाला?

मग त्या चार-दोन वेळांसाठी गोवऱ्या. जाडसर कणीक घट्ट मळायची, तेलाचं बोट लावून एकात एक पुऱ्या घालायच्या, तोंड बंद करून गोळा वळायचा, हा रोडगा. गोवऱ्या रचून पेटवायच्या, ज्वाळा बसू द्यायच्या, मग धग धरलेल्या निखाऱ्यांत गोळे मांडायचे, उलटायचे, शेवटी गरम राखेत दडपून ठेवायचे. गोवरीची आच मंद आणि सगळीकडून सारखी, म्हणून एवढा जाड गोळा बाहेरून न करपता आतपर्यंत शिजतो. नंतर राख झटकायची, रोडगा फोडायचा, वर तूप आणि सोबत वांग्याची भाजी, वरण. पळसाच्या पानांत कणीक दाबून भाजलेले पानगे याच घराण्यातले. माळव्याची बाटी आणि बिहारची लिट्टी हे त्यांचे लांबचे नातलग. नागपूरकडची लांब पोळी आणि खानदेशातले मांडे उलट्या मडक्यावर, खापरावर होतात. तिथंही माती आहेच, पण पोळी पडते ती मडक्याच्या पाठीवर. रोडगा किती जुना, याचा पुरावा संत एकनाथांच्या भारुडात मिळतो. त्यात भवानीला थट्टेनं रोडग्याचा नवस बोलला आहे, आणि नाथांनी देह ठेवला 1599 मध्ये. भारुडातली ती थट्टा लोकांना कळायची, तर रोडग्याचा नवस तेव्हाच घरोघरी ठाऊक असला पाहिजे.

आता कुणी विचारेल, जी वस्तूच नाही तिचा फोटो कशाला? कुणी म्हणेल, राखेच्या ढिगाला वारसा म्हणायचं का? प्रश्न रास्त आहे. पण वारशाची आपली समजूतच टिकणाऱ्या वस्तूंवर पोसलेली आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी भांडी, दिवे, अडकित्ते डोळाभर पाहता येतात; जगरा कोणत्या कपाटात ठेवणार? वासाहतिक काळाच्या नोंदींतही हीच त्रुटी आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ 1916 साली निघाला. त्यात छायाचित्रं आहेत, पण भर माणसांच्या नमुन्यांवर. माणसं उभी केली की फोटो झाला, अशी ती दृष्टी. जी गोष्ट काही तासांत घडून संपते, ती अशा दृष्टीतून निसटते. म्हणून जगऱ्याला इतर कशाहीपेक्षा फोटोचीच गरज अधिक.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: रोडगे कुठं संपलेत? मारुतीच्या पारावर पंगती उठतात, चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमच्या हिवाळी यात्रेत हंडीतलं मटण आणि रोडगे खायला लांबून लोक येतात, आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. फोटो उदंड आहेत हे खरं, पण ते बहुतेक ताटाचे: तूप सोडलेला फोडलेला रोडगा, बाजूला तर्रीदार भाजी. पदार्थ टिकतोय, रीत बदलतेय. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, तशा गोवऱ्याही. गॅसवरच्या बाटी-कुकरातही गोळे भाजता येतात आणि ताटातल्या फोटोत दोहोंमधला फरक ओळखू येत नाही.

फरक दिसतो तो क्रमात. रिकामी जागा, गोवऱ्यांची रचना, पहिला धूर, ज्वाळा बसल्यावरचे निखारे, राखेत दडपलेले गोळे, झटकणारे हात, आणि शेवटी मागं उरलेली राख, असे सात-आठ फोटो मिळून एक जगरा होतो. भर दुपारी निखारे फोटोत नुसते करडे दिसतात, त्यांची लाली उन्हात हरवते; संध्याकाळ बरी. पण तेव्हा मोबाइल आपल्या मनानं अंधार उजळतो आणि लाल रंग फिका, पिवळट करून टाकतो, म्हणून प्रकाश हातानं कमी करावा. गोळ्याशेजारी हात किंवा चिमटा येऊ द्यावा, म्हणजे आकार कळतो. सार्वजनिक पंगतीत जगऱ्यापाशी पुष्कळदा पुरुषच राबताना दिसतात. चुलीपुढची बाई हेच एक चित्र मनात धरून गेलात, तर ते नजरेतून सुटतील. आणि धुरात घामाघूम झालेल्या माणसाला आधी विचारा, मग कॅमेरा काढा.

यंदा बहिरमला किंवा गावच्या पंगतीला गेलात, तर ताटाचा फोटो खुशाल काढा. पण त्याआधी दोन तास जाऊन जगरा पेटताना पाहा, फोटोंखाली गाव, तारीख आणि इंधन लिहा, आणि एक छापील प्रत भाजणाऱ्यांच्या हाती द्या.