दार आहे, कडी सापडत नाही
(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी दादर येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस पाचारण केले तेव्हा 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय नेमून दिला होता. त्या विषयावर या व्यासपीठावरून आजवर इतकी व्याख्याने झाली आहेत की आमच्या आणखी एका व्याख्यानाने ते महत्त्व वाढेल असे आम्हांस वाटेना. म्हणून मंडळाच्या अनुज्ञेने आम्ही विषय बदलून घेतला. सरकारी कचेरीतील पुष्कळशी कामे आता घरबसल्या फोनवर होतात. ज्यास डोळ्यांची, कानांची वा हातांची साथ नाही त्याची ती होतात काय, हा आजचा विषय. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. सारी हयात परळ-लालबागच्या मुलांत गेली. संगणकविद्येतील अधिकार आम्हांस नाही. तथापि एका दुपारी शेजारी बसून जे पाहिले, ते सांगण्यास अधिकाराची आवश्यकता नसावी.

गेल्या श्रावणात आमचा एक जुना विद्यार्थी आमच्या बिऱ्हाडी आला. तो आपल्याच ज्ञातीतला, लालबागच्या चाळीत वाढलेला. शाळेत असता फळ्यावरचे उतरवून घेण्यात तो नेहमी मागे पडे, आणि 'डोळे उघडे ठेवून लिही' असे म्हणून आम्ही त्यास अनेकदा दटावले होते. त्याची दृष्टी तेव्हापासूनच क्षीण होत चालली होती हे आम्हांस फार उशिरा कळले. पंचविशीच्या आत ती पूर्ण गेली. आज तो एका बँकेत नोकरीस असून संसारी आहे. त्यास एका कार्यालयाकडून एक दाखला हवा होता आणि अर्ज केवळ ऑनलाइन स्वीकारला जात होता. "सर, तुम्ही नुसते बसा. मी भरतो," असे तो म्हणाला.

त्याच्या फोनात स्क्रीनरीडर नावाची सोय आहे. पडद्यावर बोट फिरवावे तसतसे बोटाखाली काय आहे ते फोन उच्चारून सांगतो. दोनदा टिचकी मारली की बटन दाबले जाते. हा आवाज तो इतक्या जलद गतीने ऐकतो की आम्हांस त्यातील एक शब्द उमगेना. नाव, पत्ता, पिनकोड हे रकाने आम्ही चष्मा पुसतो तोवर त्याने भरून टाकले. मग जन्मतारीख आली. तेथे तारीख लिहिण्याची सोय नव्हती. एक दिनदर्शिका उघडे, आणि तिच्यातील आकडे आम्हांस दिसत, फोनला मात्र दिसत नसत. तो रकाना आम्ही भरून दिला. त्याच्या खाली ओळीने तीन बटने होती. फोन म्हणाला, "बटन. बटन. बटन." चाळीतील प्रत्येक दारावर बिऱ्हाडकरूचे नाव न लिहिता नुसते 'खोली' असे लिहावे, तशातला हा प्रकार. एक बटन अर्ज जपून ठेवण्याचे, दुसरे पुढे जाण्याचे आणि तिसरे सर्व मजकूर पुसून टाकण्याचे होते. आम्ही सांगण्यापूर्वीच त्याने तिसरे दाबले. पुन्हा नाव, पत्ता, पिनकोड.

शेवटी एका चौकटीत वेडीवाकडी अक्षरे आली. त्यास कॅप्चा म्हणतात. अर्जदार यंत्र नसून माणूस आहे याची ती परीक्षा होय. पुष्कळ ठिकाणी ही अक्षरे ऐकून ओळखण्याचा पर्याय असतो, येथे नव्हता. त्याने फोन आमच्या हाती दिला आणि तो म्हणाला, "सर, तेवढे वाचा." फळ्यासमोर डोळे बारीक करून उभा असलेला तो मुलगा आम्हांस त्या क्षणी आठवला. आम्ही वाचले.

कोणी म्हणेल, घरच्या माणसाने चार अक्षरे वाचून दाखविली तर बिघडले काय? आम्हीही त्यास हेच विचारले. तो म्हणाला, "सर, माझा पिन पुतण्याला ठाऊक आहे. पैसा कधी एक रुपया गेला नाही. पण माझा पगार किती, कर्ज किती, डॉक्टरांकडे कशासाठी गेलो, हे घरात सर्वांस माहीत असते. मला मात्र कोणाचेच माहीत नसते." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. ओटीपी कोणासही सांगू नये असे संदेश आपणां सर्वांस येतात. त्यासही येतात, आणि ते वाचून दाखविणारा पुष्कळदा पुतण्याच असतो.

बधिरांची गत वेगळी. अर्ज ते सहज भरतात. पण काही अडल्यास चौकशीसाठी केवळ दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. कंपवात झालेल्या मनुष्यास माऊस इष्ट स्थळी नेता येत नाही. आणि हा प्रश्न 'त्यांचा' आहे असे समजून बसलेल्या आमच्यासारख्या निवृत्तांसही तो चुकत नाही. २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही सोय आली, तेव्हापासून पेन्शनीत निघालेल्या माणसास अंगठा उमटवून हयातीचा दाखला देता येतो. वर्षानुवर्षे खडू धरून झिजलेला आमचा अंगठा एके वर्षी यंत्रास पटेना. आम्ही प्रत्यक्ष समोर उभे असता आमच्या हयातीविषयी अर्धा तास संशय राहिला!

मुंबईच्या या भागास हा विषय नवा नाही. छप्पनच्या दुष्काळानंतर १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच दादरची अंधशाळा होय. १९०२ साली ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. १९५२ साली राष्ट्रीय अंधजन संघ मुंबईत स्थापन झाला. वरळीस त्याची इमारत आपण येताजाता पाहतो. गिरगावाच्या वेशीवर सेंट झेवियर महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र आहे. ब्रेलचे सहा ठिपके बोटांना शिकविण्यात या शहराने शंभरांहून अधिक वर्षे खर्ची घातली. त्याच बोटांखाली आज गुळगुळीत काच आली आहे. पण ती काच बोलू शकते, हे विसरता कामा नये. २००६ साली ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी एनव्हीडीए नावाचा स्क्रीनरीडर रचण्यास आरंभ केला. तो संगणकावर फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. वाचणारा तयार आहे. ज्यास नाव दिलेले नाही ते त्याने कसे वाचावे, एवढेच अडले आहे.

कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. (पूर्वी 'अपंग' म्हणत, आता 'दिव्यांग' म्हणतात. शब्द बदलण्यास खर्च येत नाही, म्हणून तो आधी बदलतो.) शासकीय संकेतस्थळे कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे तर २००९ पासूनच आहेत. परंतु मार्गदर्शन निराळे आणि सक्ती निराळी, हे शाळेत घंटा वाजविणाऱ्या शिपायासही ठाऊक असते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले: सुगम्यतेविषयीचे नियम केवळ शिफारशीवजा असून भागणार नाही, बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत ठरवावेत असा आदेश दिला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल लागला. प्रज्ञाबाईंच्या चेहऱ्यावर अॅसिडचा हल्ला झालेला. त्यांना पापणी मिटता येत नाही. बँकेत खाते उघडताना 'पापणी मिटून जिवंत असल्याचे दाखवा' अशी अट आडवी आली. अमर जैन हे स्वतः अंध वकील. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरविले, आणि पापणीखेरीज इतर मार्गही ठेवावेत असे सांगितले. कोणतीही नवी सोय खुली करण्यापूर्वी अंध व्यक्तींकडून ती पारखून घ्यावी, हेही त्या निर्देशांत आहे. आमच्या अल्पमतीस यांतील हाच निर्देश सर्वांत व्यवहार्य वाटतो. त्या अर्जाच्या कर्त्याने आमच्या विद्यार्थ्याशेजारी अर्धा तास घालविला असता तर त्या तीन बटनांस नावे मिळाली असती. बटनास नाव देणे, चित्रासोबत दोन ओळींचे वर्णन देणे, तारीख हाताने लिहू देणे, यांस ना मोठी विद्या लागते ना मोठे द्रव्य.

आता थोडे घरचे. सरकारास दोष देऊन झाल्यावर तो मुलगा हसून म्हणाला, "सर, आपली स्मरणिका ऐकायची आहे?" गेल्या वर्षीचा अंक आपल्या चिटणीसांनी सर्व सभासदांस फोनवर पाठविला होता. त्याने तो उघडला आणि फोन इंग्रजी मुळाक्षरांची काहीतरी अर्थहीन बडबड करू लागला. कारण असे की, आपला छापखाना जुन्या धाटणीचा टंक वापरतो. त्यात डोळ्यांस 'क' दिसला तरी आत इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच साठविलेले असते. युनिकोडमध्ये तसे नसते. तेथे 'क' हा 'क'च असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज तर निव्वळ कागदाचा फोटो. त्यावर फोन मौनच पाळतो. अंकात त्याच्या दिवंगत वडिलांवर एक लेख होता. आला त्या दिवशीच त्याने तो उघडून पाहिला होता. वाचून दाखवा असे घरात कोणास म्हणणे त्यास जड गेले असावे. घरात दुःख ताजे होते. तो लेख आम्हीच लिहिला होता. आमच्या लेखी तो मुलगा त्याचा पहिला वाचक होता, आणि दहा महिने तो त्याच्याजवळ तसाच पडून होता. त्या दुपारी आम्ही तो त्यास वाचून दाखविला. मध्ये एका ठिकाणी त्याने थांबविले आणि वडिलांच्या गिरणीचे खाते आम्ही चुकीचे लिहिल्याचे सांगितले. ते साचेखात्यात नव्हते, कातणखात्यात होते.

ज्या घरांत असे कोणी आहे त्यांनी संकोच न धरता कळवावे अशी आमची विनंती आहे. जनगणना २०११ प्रमाणे महाराष्ट्रात अशा व्यक्ती २९ लाखांवर आहेत. आपल्या सभासदयादीत मात्र एकही नोंद आढळत नाही. यादीत तसा रकानाच नाही.

मंडळाने आमचे म्हणणे ऐकून घेतले याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यंदाची स्मरणिका युनिकोडमध्ये जुळविण्याचे छापखान्याने मान्य केले असून वरील दुरुस्तीही तीत येईल. शिष्यवृत्तीचा अर्ज नव्याने तयार झाला आहे. गेल्या रविवारी आमच्या विद्यार्थ्याने तो सहा मिनिटांत भरून दाखविला. पाल्याच्या जन्मतारखेचा रकाना तेवढा अद्याप अडतो. त्यासाठी चिटणीसांनी आठ दिवसांची मुदत मागितली आहे.